आहारशास्त्राची डॉक्टरी

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा झाला. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या गृहविज्ञान शाखेंत एम्. एस्‌सी. झाली आणि तिनें रात्रींच्या पंक्तींतच जाहीर केलें कीं, आपणांस आतां आहारशास्त्रांत पीएच्. डी. करावयाची आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत लहानथोर चौदा माणसें असून प्रत्येकास स्वतःचें मत आहे, त्यामुळें वादास तोटा पडला नाहीं. तिची आई म्हणाली, "चोविसावें चालूं आहे हिला." बंधूंनीं खर्च विचारला. आणि छत्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मीं, सर्वांत शहाणपणाचा म्हणून जो उद्गार काढिला तो आज लिहितांना संकोच वाटतो. मी म्हणालों, "स्वयंपाकाची कसली डॉक्टरी?"

मुलगी कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें बाजारांतून एक छोटा वजनकांटा आणिला.

तीन दिवस तिनें स्वयंपाकघरांत ठाण मांडिलें. शिजविण्यापूर्वीं डाळतांदूळ तोलावयाचे, शिजल्यावर पातेलें तोलावयाचें, प्रत्येकाच्या पानांत काय पडलें व पानांत काय राहिलें तें वहींत मांडावयाचें; मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून कोणाच्या पोटांत किती प्रथिनें व किती लोह गेलें त्याचा हिशेब करावयाचा. आम्हां मंडळींस मौज वाटत होती. चौथ्या दिवशीं तिनें वही माझ्यापुढें ठेविली. माझें पान उत्तम होतें. बंधूंचें आणि मुलांचें बरें होतें. अगदीं तळाशीं दोन नांवें होतीं: एक आमच्या कुटुंबाचें आणि दुसरें सूनबाईचें. तीनपैकीं दोन दिवस उसळ त्यांच्या पानापर्यंत पोहोंचलीच नव्हती, आणि आमटी शेवटीं पाणी घालून वाढविलेली होती.

"काका, त्याच संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरतें, आणि वहिनीच्या वयाच्या स्त्रीला २९ लागतें. आपल्या घरांत वांटणी नेमकी उलटी आहे," एवढेंच ती म्हणाली.

घरांत कोणी कोणास उपाशीं ठेवीत नव्हतें, हें मी शपथेवर सांगतों. सर्वांना आग्रह करून वाढून झाल्यावर जें उरे तें दोघी खात, आणि "मला फारशी भूक नाहीं" असें म्हणत. सासूनें म्हटलेलें सून शिकली. मी तें खरें मानीत आलों. सूनबाई जिना चढतांना मध्यें थांबते हें मीं पाहिलें होतें, पण तिची प्रकृति मुळांतच नाजूक, असें आम्हीं ठरवून टाकिलें होतें. पुतणीनें तिला रक्त तपासावयास नेलें, तेव्हां आमच्या वैद्यकग्रंथांत ज्यास पांडुरोग म्हणतात तोच निघाला. हें आमच्या एका घरचें नव्हे. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत हा दोष आढळला. आपल्या महाराष्ट्रांत शेंकडा ५४, आणि त्याच्या आधींच्या पाहणींत हाच आंकडा ४८ होता. म्हणजे सुबत्ता वाढली असतां दोष घटला नाहीं, उलट वाढला. तो कां वाढला हें शोधणें स्वयंपाकाचें काम नव्हे, एवढें मला त्या दिवशीं समजलें.

मग कमलाबाई सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक असतें, पण त्यांच्या या भगिनीचें नांव पुष्कळ सुशिक्षित घरांतहि घ्यावें लागत नाहीं. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे गेल्या. त्यांचे वडील व चुलते त्याच संस्थेंत शिकलेले. तेथें संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनीं केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारिला. एवढ्या थोर शास्त्रज्ञाची बुद्धि या एका बाबतींत माझ्याच पंक्तीला बसली, याचें मला वाईट समाधान वाटतें! कमलाबाई मात्र परतल्या नाहींत. अखेर पहिलें वर्ष परीक्षेचें समजावयाचें आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या कामांत व्यत्यय येऊं द्यावयाचा नाहीं, अशा अटींवर त्यांना घेतलें. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षअखेर रामन यांचें मत पालटलें आणि त्या संस्थेचें दार पुढें इतर मुलींनाहि उघडलें. १९३६ सालीं त्या एम्. एस्‌सी. झाल्या व केंब्रिजला गेल्या. तेथें सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते, ज्यांना जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चें नोबेल पारितोषिक आइकमान यांच्यासह मिळालें होतें. बाईंनीं बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतीच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हें श्वसनाचें द्रव्य दाखवून दिलें, आणि १९३९ सालीं अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळविली. परतल्यावर दिल्लीचें लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ नंतर मुंबईची विज्ञानसंस्था, असा त्यांचा प्रवास झाला. नीरा कुपोषित मुलांस व गर्भिणींस कितपत गुणकारी आहे हें त्यांनीं मुंबईंत तपासलें.

त्यांच्या मुंबईंतील कामांत कडधान्यांचा भाग मला अधिक मोह घालतो, कारण डाळिंब्यांची उसळ हा माझा आवडता पदार्थ. आपल्या आंतड्यांत प्रथिनें पचविणारें ट्रिप्सिन नांवाचें पाचकद्रव्य असतें. वालासारख्या कडधान्यांत त्यालाच अटकाव करणारें दुसरें द्रव्य असतें. म्हणून कच्चे दाणे पोटांत गेले तरी अंगीं लागत नाहींत. उष्णतेनें हा अटकाव बहुतांशीं नाहींसा होतो, आणि मोड आल्यानें दाण्यांत 'क' जीवनसत्त्व उत्पन्न होतें. माझी आजी वाल रात्रीं भिजवी, फडक्यांत बांधून मोड आणी, सोली आणि मऊ शिजवी. रीत तिची बरोबरच होती. पण कोणत्या दाण्यांत अटकाव किती, तो किती वेळ शिजविल्यानें किती उरतो, हें मोजावयास प्रयोगशाळाच लागते. तसेंच उसळीवर लिंबू पिळलें तर तींतील लोह शरीर अधिक घेतें, आणि जेवणावर लागलीच चहा घेतला तर कमी घेतें. हें ऐकल्यापासून माझा जेवणानंतरचा चहा बंद झाला आहे. त्याचें दुःख निराळें.

पीएच्. डी. म्हणजे काय, हें तिनें मला विचारलें नव्हतें. तरी मीच तिला एक गोष्ट सांगितली. तैत्तिरीय उपनिषदांतील भृगु ब्रह्म जाणावयास पित्याकडे जातो, तप करून येतो, आणि त्याला पहिलें उत्तर सांपडतें तें अन्न. बाप वरुण त्यास चूक म्हणत नाहीं, बरोबरहि म्हणत नाहीं; 'पुन्हां तप कर' एवढेंच सांगून परत पाठवितो. असें चार वेळां होतें. मुलगी हंसून म्हणाली, "आमचे गाइड असेच असतात म्हणे!"

खर्चाची व वयाची चौकशी बंधूंनीं केली ती अशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें हा अभ्यास निदान तीन वर्षांचा, साधारणतः सहा वर्षांच्या आंत संपवावयाचा. स्त्रियांना दोन वर्षें अधिक सवलत आहे, आणि बाळंतपण व संगोपनासाठीं २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. नेट परीक्षेंतून कनिष्ठ संशोधकवृत्ति मिळाल्यास २०२३ सालापासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा आंकडा ऐकून बंधु गप्प बसले; माझें निवृत्तिवेतन मीं त्यांस सांगितलें नाहीं. हैदराबादची संस्था, बडोद्याचें विद्यापीठ, मुंबईचें श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठ, परभणीचें कृषि विद्यापीठ, अशीं नांवें घरांत आतां सोयरिकीच्या स्थळांसारखीं बोललीं जातात.

स्थळांचेंहि सांगतों. ज्येष्ठांत एक मंडळी मुलीला पाहण्यास आली होती. मुलगा चांगला होता. त्याच्या वडिलांनीं विचारलें, "डॉक्टर झाल्यावर ही पेशंटना डाएट लिहून देणार का?" मी उत्तर देणार तोंच आमचें कुटुंब दारांतून म्हणालें, "ती आधीं तुमचें स्वयंपाकघर तोलील." त्यांचें पुढें पत्र आलें नाहीं. मुलीची आई दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं, जणूं तें मींच म्हटलें होतें.

वजनकांटा अजून फडताळांत आहे. पानें आतां एकदम मांडतात. सूनबाई पहिल्या पंक्तीस बसते, पण वाढावयास मध्येंच उठते, आणि मग मुलें ओरडतात. गोळ्या चालूं आहेत, रक्त पुन्हां श्रावणांत तपासावयाचें आहे. मुलीला मुलाखतीसाठीं हैदराबादहून बोलावणें आलें आहे. बंधूंस रजा नाहीं, म्हणून मी तिच्याबरोबर जात आहें; तिकिटें काढलीं असून, प्रवासांत खाण्याकरितां दशम्या व दाण्याची चटणी न्यावी कीं आणखी कांहीं, याचा निर्णय तिच्यावर सोंपविला आहे.