शर्यतीच्या गाडीची स्टेपनी

ऊस हंगामात राहुरी-श्रीरामपूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागून दोन-दोन ट्रॉल्या जातात, तेव्हा त्यांच्या टायरकडे जरा बघावं. काहींची नक्षी केव्हाच गेलेली असते, रबर तुळतुळीत झालेलं असतं. असं टायर म्हणजे निष्काळजीपणा, यात वाद नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरची खाच १.६ मिलिमीटरच्या आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली, की ते टायर रस्त्यावर चालवता येत नाही. पण मोटारींच्या एका खेळात टायर कारखान्यातूनच बिननक्षीचं येतं. घेणारा आधी त्याच्या रबरात नख रुतवून बघतो, परिघाला टेप लावतो आणि मगच पैसे मोजतो. हा खेळ म्हणजे ड्रॅग रेसिंग आणि ते टायर म्हणजे स्लिक.

वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळायचं. अमेरिकेत १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला शिस्त आली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती भरल्या आहेत. पारनेर-जुन्नर पट्ट्यातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. घाटातली बैलगाड्याची बारीसुद्धा सरळ पळते, सेकंदांत मोजली जाते आणि पापणी लवायच्या आत संपते.

टायरवर नक्षी असते ती पाण्यासाठी. ओल्या रस्त्यावर रबर आणि डांबर यांच्यामध्ये आलेलं पाणी खाचांतून बाहेर पडतं. रस्ता कोरडा असेल तर खाच म्हणजे जमिनीला न टेकलेलं रबर, एवढाच तिचा अर्थ उरतो. शाळेत आपण शिकलो की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्यापुरतं ते खरं आहे, रबर मात्र हा नियम पाळत नाही. ते डांबरातल्या बारीक खाचखळग्यांत शिरतं, तिथे दबतं आणि सावकाश सुटतं. शिवाय त्याचे रेणू पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटतात. एकाच जागी भार वाढत गेला, की दर किलोमागे मिळणारी पकड कमी होते. म्हणून तोच भार रुंद, मऊ रबरावर पसरवला तर एकूण पकड वाढते.

ही पकड किती, याचा हिशेब वहीच्या पानावर मांडता येतो. घर्षणाचा गुणांक १ धरला तर चाकांच्या जोरावर गाडीला मिळू शकणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं, सेकंदामागे सेकंदाला ९.८ मीटर. या त्वरणाने ४०२ मीटर कापायला ९.०६ सेकंद लागतात. इंजिन कितीही दांडगं बसवा, गुणांक १ च्या पुढे गेला नाही तर ९ सेकंदांचं दार उघडत नाही. प्रत्यक्षात सर्वांत शक्तिशाली ‘टॉप फ्युएल’ गाड्यांनी पाव मैल साडेचार सेकंदांच्या आत पार केला, म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या चौपट. त्यात मागच्या मोठ्या पंखाने गाडीला खाली दाबल्याचा वाटा आहेच. पण मऊ रबर आणि पट्टीवर फवारलेला चिकट राळेचा थर नसता, तर ते शक्य नव्हतं. सुटण्याआधी चाकं जागेवर गरगर फिरवून जो धूर काढतात, तो प्रेक्षकांसाठी नसतो. त्याने रबर तापतं आणि वरचा मळ निघून जातो. (प्रेक्षकांना तो आवडतो, हे निराळं.)

मग झिजून तुळतुळीत झालेलं टायर स्लिकसारखं का चालत नाही? झिजल्यावर हाती उरतं ते वर्षानुवर्षं उन्हात आणि हवेत कडक झालेलं रबर, आणि त्याच्या लगेच खाली धागे. स्लिकचं रबर मुळातच मऊ मिश्रणाचं असतं. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत जुन्या टायरवर बिननक्षीचा रबरी थर चढवून स्लिक बनवत असत. आपल्या रिमोल्डिंगवाल्यांना हे काम सहज कळेल. पण तिथेही वरचं रबर नवं असायचं.

आता रेडियलकडे येऊ. आपला टायरवाला दोनच जाती सांगतो, नायलॉन आणि रेडियल. नायलॉनमध्ये आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पट्ट्यांचं कडं असतं. मिशलिनने ही रचना १९४६ मध्ये पेटंट केली. तिरक्या थरांचं स्लिक दहा-बारा पौंडांच्या आसपास हवेवर चालतं. सुटताना त्याच्या भिंतीला सुरकुत्या पडतात, झटका ती पोटात घेते. वेग वाढला की तेच टायर केंद्रोत्सारी बलाने फुगतं आणि त्याचा व्यास वाढतो. चाक थोडं घसरलं तरी ते सांभाळून घेतं. रेडियल स्लिक पट्ट्यांमुळे फारसं फुगत नाही, कमी शक्ती खातं आणि शेवटच्या टप्प्यात गाडी सरळ ठेवतं. मात्र एकदा घसरलं की सहसा पुन्हा पकड धरत नाही. एकाच गाडीला पुढे एक जात आणि मागे दुसरी लावली, तर वेगात गाडी डुलू लागते. ते टाळावं.

रेडियलचा हा न फुगण्याचा गुण ज्या प्रकारात सर्वांत मोलाचा ठरतो, तो म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. मिकी थॉम्पसन कंपनी तर ‘प्रो ब्रॅकेट रेडियल’ याच नावाचं टायर विकते. इथे सर्वांत वेगवान गाडी जिंकेलच असं नाही. आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल, ते चालक आधीच जाहीर करतो आणि काचेवर लिहितो. एकाने १०.२० लिहिलं, दुसऱ्याने १३.६०, तर दुसऱ्याला ३.४० सेकंद आधी सोडतात. म्हणजे वडिलांची जुनी गाडीही नव्या गाडीसमोर उभी राहू शकते. खरी मेख पुढे आहे: लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. दोघेही लवकर पोहोचले, तर जो कमी चुकला तो जिंकतो. १० सेकंदांची गाडी शेवटच्या रेषेवर साधारण ताशी २१० किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला ५८ मीटर. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती जेमतेम ६ सेंटिमीटर सरकते, आणि निकाल अनेकदा तेवढ्यावरच लागतो.

म्हणून या खेळात स्टेपनीची निवड उफराटी असते. जास्त पकड देणारं, जास्त वेगाचं टायर नको. चालू जोडीसारखंच हवं. २८ इंच व्यासाच्या स्लिकचा परीघ २२३ सेंटिमीटर, आणि पाव मैलात ते सुमारे १८० वेळा फिरतं. रबर १ मिलिमीटर झिजलं, की परीघ ६ मिलिमीटरहून थोडा जास्त घटतो. १८० फेऱ्यांत तो फरक मीटरभराच्या वर जातो. याचा अर्थ गाडी मीटरभर मागे पडते असा नाही. गिअरचं प्रमाण बदलतं, इंजिनचे फेरे बदलतात आणि काचेवरचा आकडा खोटा ठरतो. डाव्या-उजव्या टायरमध्ये असा फरक राहिला तर प्रकरण आणखी वाईट. या गाड्यांचा डिफरन्शियल बहुधा कुलूपबंद असतो, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, आणि गाडी लहान परिघाच्या बाजूला ओढ घेते. शेजारी सिमेंटची भिंत असते, हे विसरू नये.

म्हणून टायर नेहमी जोडीने घ्यावं. तीच कंपनी, तेच माप, तेच मिश्रण, जमल्यास एकाच वेळी बनलेलं. नुसत्या छापील मापावर विसंबू नये. रिमवर चढवून, नेहमीची हवा भरून, टेप लावून बघावं. रिमची रुंदीही चालू जोडीइतकीच असावी, कारण रुंदी बदलली की टायरचा आकार बदलतो. स्वस्तात मिळणारी वापरलेली जोडी मोहात पाडते. पण प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडं थोडं कडक होत जातं, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. कडकपणा मोजणारं साधं खिशातलं यंत्र मिळतं. त्याने चालू जोडी आणि स्टेपनीची जोडी अशी चारही टायर तपासावीत. माझ्या मते दोन हजारांची बचत करण्यापेक्षा हे यंत्र घेतलेलं बरं.

जपणूक हा आपल्या हवामानातला मोठा प्रश्न. नगरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडमधलं तापमान त्याहूनही चढतं. उष्णता, ऊन आणि ओझोन हे रबराचे तीन शत्रू. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि विजेच्या मोटारी यांच्याजवळ ओझोन तयार होतो. म्हणजे वर्कशॉपचा कोपरा ही स्टेपनीसाठी सर्वांत वाईट जागा. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवावी, घरचे कुरकुरले तरी.

स्टेपनी प्रत्यक्ष चढवताना मात्र वाहनचाचणीची शिस्त कामी येते. नगरमध्येच संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. फाळणीनंतर, आता पाकिस्तानात असलेल्या चकलालाहून इथे आलेल्या लष्करी वाहन तपासणी केंद्रात तिचं मूळ आहे, आणि मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. चाचणीचा मूळ नियम लष्करी ट्रकला असो वा शर्यतीच्या गाडीला, तोच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्टेपनी चढवलीत, तर त्याच दिवशी हवा, गिअर आणि कार्ब्युरेटर यांना हात लावू नका. एक टायर फाटलं तरी दोन्ही बदला. आणि जुनाच आकडा काचेवर लिहून थेट शर्यतीत उतरू नका. आधी सरावाच्या दोन-तीन फेऱ्या मारा, घड्याळ काय दाखवतं ते पाहा, आणि मगच आकडा लिहा.