आग लागण्याआधीच इशारा! कळमनुरीच्या रानाला त्याचा उपयोग किती?

उन्हाळा लागला की कळमनुरीच्या शिवारात धुरे पेटवले जातात. वारा सुटला की हीच आग लगतच्या वनजमिनीत शिरते.

ती दिसते कुणाला? डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला. 2004 पासून ही संस्था उपग्रहांच्या मदतीने वणव्यांचे इशारे देते. ‘मोडिस’ सेन्सरचा एक ठिपका 1 किलोमीटरचा, नंतर आलेल्या ‘व्हीआयआयआरएस’चा 375 मीटरचा. नोंदणी केली की कुणालाही मोबाइलवर एसएमएस येतो.

मेख वेळेची आहे. ‘व्हीआयआयआरएस’चा उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या सुमारास जातो. चारला पेटलेला धुरा त्याला रात्रीच दिसणार. तोवर रान काळं!

म्हणून अंदाज महत्त्वाचा. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांवरून आगीचा धोका मोजणारा निर्देशांक मूळचा कॅनडाचा. मशीन लर्निंगमध्ये जुन्या आगींच्या नोंदीही जोडतात. कोणत्या हवेत, कुठे, किती आगी लागल्या हे संगणक त्यातून शिकतो.

इंडोनेशियात दलदलीची पीट जमीन आतून धुमसते, त्यामुळे तिथे सेन्सर भूजलाची पातळी मोजतात. पाणी 40 सेंटिमीटरपेक्षा खाली गेलं की धोका. आपल्याकडे जळतं ते वाळलेलं गवत आणि पालापाचोळा. इथे हवेतला कोरडेपणाच बोलका.

मात्र काडी कोण, कधी ओढणार हे कोणत्याच सेन्सरला कळत नाही. धोक्याच्या दिवसाचा निरोप वनरक्षकाइतकाच धुरा पेटवणाऱ्या शेतकऱ्यालाही सकाळीच मिळायला हवा.