निवासवाहनातून सायकलींची वाहतूक : बाळकुम परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

तत्कालीन मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढील काही दशके एस.टी.च्या टपावर पाट्या, बोचकी आणि त्यांच्यासोबत सायकलीही प्रवास करीत राहिल्या. मागील शिडीवरून हमालाने सायकल वर चढवावयाची, काथ्याने आवळावयाची आणि वाहकाने सामानाचे तिकीट फाडावयाचे, ही रीत ग्रामीण महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाची होती. म्हणजेच बसमधून सायकल नेण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. जुन्या बसचे फिरते घर करून त्यासोबत सायकली नेणे हे मात्र तुलनेने अलीकडचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर या विषयाकडे अधिक लक्ष गेले. महाविद्यालयांच्या अभ्याससहली व सायकल शिबिरे यांच्या आयोजकांनाही या प्रश्नाचा विचार करावा लागतो, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

भाराचे गणित

बाळकुम हे मूळचे खाडीकाठचे गाव आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथून कशेळीच्या पुलावरून भिवंडी गाठता येते, तर माजिवड्याहून नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता धरता येतो. कोणतीही दिशा घेतली तरी अवजड वाहनांची वर्दळ आणि पावसाळ्यातील खड्डे यांतून सुटका नाही. अशा रस्त्यावर सायकल कोठे बांधली आहे यास फार महत्त्व येते.

बहुतेक जण सायकली वाहनाच्या पाठीमागे टांगतात, कारण ते सोपे असते. परंतु मागील आसाच्या पलीकडे ठेवलेला भार हा तराजूच्या लांब दांडीवर ठेवलेल्या वजनासारखा वागतो. समजा, चार सायकली व त्यांचा सांगाडा मिळून ८० किलो भरतात, वाहनाच्या दोन आसांतील अंतर ४ मीटर आहे आणि हा भार मागील आसापासून २ मीटर मागे आहे. अशा वेळी मागील आसावर ८० नव्हे, तर १२० किलो भार वाढतो आणि पुढील आसावरील भार ४० किलोने घटतो. पुढील चाके हलकी झाली की सुकाणूची पकड कमी होते. एरवी ४० किलोंचा हा फरक किरकोळ वाटेल. परंतु फर्निचर, पाण्याची टाकी व बॅटऱ्या बहुधा मागेच बसविलेल्या असतात, त्यात ही भर पडते. कसाऱ्याच्या घाटात ओल्या वळणावर त्याची जाणीव होते. शिवाय प्रत्येक खड्ड्यागणिक सांगाड्याला बसणारा हिसका स्थिर वजनापेक्षा कितीतरी अधिक असतो. तो जेथे जोडलेला असतो तेथील पत्रा व वेल्डिंग अशाने हळूहळू थकते. सायकल सुटून महामार्गावर पडली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. आपल्याकडील चर्चेत सायकलीच्या ओरखड्यांची जितकी काळजी दिसते, तितकी या दुचाकीस्वाराची दिसत नाही.

टपावर सायकली ठेवल्यास आसांवरील विभागणी सुधारते. मात्र गुरुत्वमध्य वर जातो, वाऱ्याचा विरोध वाढतो आणि एकूण उंची चालकाच्या ध्यानातून निसटते. झाडांच्या फांद्या, लोंबत्या तारा व कमी उंचीचे पूल यांना ती उंची दिसतेच. टपावर सायकली नेताना जमिनीपासून हँडलच्या टोकापर्यंतची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवणे, हा अगदी साधा उपाय आहे.

सर्वांत योग्य जागा वाहनाच्या आत, पलंगाखाली व शक्यतो दोन आसांच्या दरम्यान असते. पुढील चाक काढून चिमटा तळाशी जखडल्यास सायकलीची लांबी व उंची दोन्ही कमी होतात. एकाआड एक उलट तोंडाने सायकली लावल्यास हँडले एकमेकांत अडकत नाहीत. मात्र नुसती आत ठेवलेली सायकल सुरक्षित नसते. जोराचा ब्रेक लागताच ती स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक बलाने पुढे झेपावू शकते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात ही बाब ठामपणे मांडली. म्हणून बसचे निवासवाहन करताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडील प्रक्रिया टाळता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१अ) नुसार अनुज्ञेय मर्यादेबाहेर बाजूस, पुढे, मागे वा उंचीत निघालेल्या भारासाठी २०,००० रुपये दंड आहे. सायकलींमुळे क्रमांकाची पाटी व मागील दिवे झाकले जाणे, हा स्वतंत्र दोष होय.

शर्यतीतील अनुभव

ज्या नाशिककडे बाळकुमजवळून रस्ता जातो, तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अशा आळीपाळीच्या शर्यतीत एक स्वार रस्त्यावर व दुसरा वाहनात विश्रांती घेत असतो. तेथे सायकल घट्ट बांधलेली असून भागत नाही. ती क्षणात हातीही यावी लागते. सहलीत अशी घाई नसते. त्यामुळे शर्यतीतील वाहनांचे मागचे झटपट सांगाडे अनुकरणासाठी निवडणे प्रस्तुत लेखिकेस उचित वाटत नाही.

तरीही मागेच बांधावयाचे असल्यास सर्वांत जड सायकल गाडीच्या अंगालगत ठेवावी, विजेच्या सायकलीची बॅटरी काढून आत घ्यावी आणि टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येणार नाही हे पाहावे. उष्ण धुराने रबर खराब होते. फिरती चाके पट्ट्याने सांगाड्याशी बांधावीत. नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरांतच सैल होतात. बाळकुमहून नाशिककडे निघालेल्या गाडीने पडघ्याच्या आसपास एकदा थांबून ते पुन्हा आवळावेत.