मस्तिष्क व मेरुरज्जू यांचे कवकसंसर्ग

मेंदू, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील तंत्रिकांचा दोर) व त्यांवरील आवरणे यांत कवकांच्या (बुरशीवर्गीय जीवांच्या) वाढीमुळे उद्‌भवणारे विकार. जंतुजन्य संसर्गांच्या मानाने ते विरळ असले, तरी निदानास विलंब झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतात. या कवकांपैकी बहुतेकांची बीजुके हवा, माती व कुजणारे पदार्थ यांत असतात. निरोगी शरीर त्यांचा सहसा नाश करते. अनियंत्रित मधुमेह, एचआयव्ही संसर्ग, अवयवरोपण किंवा स्टेरॉइडांचा दीर्घ वापर यांमुळे प्रतिकारक्षमता घटली म्हणजे ती शरीरात मूळ धरतात.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टसारखे कवक पारव्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत आढळते. ते श्वासावाटे फुप्फुसात व तेथून रक्तामार्गे मस्तिष्कावरणात पोहोचते. डोकेदुखी, ज्वर, उलट्या व मान ताठरणे ही लक्षणे काही आठवडे हळूहळू वाढत असल्याने क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाशी गल्लत होते. कमरेतून काढलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवात भारतीय शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यास कवकाभोवतीचे संपुट वलयासारखे दिसते. प्रतिजन चाचणी अधिक संवेदनक्षम असते.

म्युकरमायकोसिस याउलट काही दिवसांतच पसरतो. नाक, नासाकोटरे व नेत्रकोटर या क्रमाने तो मेंदूपर्यंत जातो. कवकतंतू रक्तवाहिन्या बंद करतात व मृत ऊतक काळे पडते. ‘काळी बुरशी’ हे लौकिक नाव त्यावरूनच रूढ झाले. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्रात त्याचे हजारो रुग्ण आढळले. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. त्या काळात अँफोटेरिसीन-बी या औषधाचा तीव्र तुटवडा होता. हिंगोली जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २०२४ मध्ये सुरू झाले. अशा जिल्ह्यात गावपातळीवरच पहिली लक्षणे ओळखून रुग्णास नांदेडसारख्या ठिकाणी वेळेवर पाठविणे निर्णायक ठरते. एका बाजूने नाक चोंदणे, नाकातून काळसर स्राव, गाल बधिर होणे, डोळा सुजणे व एकाची दोन दिसणे ही लक्षणे मेंदू बाधित होण्यापूर्वी दिसू शकतात.

दोन्ही रोगांत अँफोटेरिसीन-बी शिरेतून देतात. क्रिप्टोकॉकसच्या संसर्गात त्यास फ्ल्युसायटोसीनची जोड देऊन पुढे फ्ल्युकोनॅझोल दीर्घकाळ देतात. म्युकरमायकोसिसमध्ये फ्ल्युकोनॅझोल निरुपयोगी असते. मृत ऊतक शस्त्रक्रियेने काढावे लागते. रक्तशर्करेचे नियंत्रण व स्टेरॉइडांचा काटेकोर वापर हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत.