गाविलगडचा वेढा व तटाचें बळ

वऱ्हाडांतील दुर्गांचें वर्णन करितांना तट किती रुंद व बुरूज किती उंच याचीच मोजदाद बहुधा केली जाते. परंतु दुर्ग बांधणें व दुर्ग झुंजविणें या दोन निराळ्या विद्या आहेत. धनज-कारंज्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेंत असलेल्या गाविलगडाचा इ. स. १८०३ चा वेढा या दृष्टीनें आम्ही येथें तपासणार आहों.

फिरिस्त्याच्या कथनानुसार हा गड अहमदशहा बहामनीनें इ. स. १४२५ च्या सुमारास बांधविला. दक्षिणेस कडा सरळ तुटलेला आहे. त्या अंगास आंतला किल्ला. वायव्येस व उत्तरेस त्यास झांकणारा बाहेरचा किल्ला. आणि उत्तरेकडून येणारी वाट अडविण्यासाठीं त्याच्याही पुढें तिसरा तट. यावरून गडास भय दरीचें नसून उत्तरेच्या डोंगराचें आहे, हें बांधणारांनीं ओळखलें होतें असें दिसतें.

शत्रूनेंही तेंच ओळखलें. ता. २९ नोव्हेंबरच्या अडगांवच्या लढाईनंतर वेलस्ली गडाच्या दक्षिणेस राहिला व कर्नल स्टीव्हन्सन उत्तरेकडे वळला. त्याच्या फौजेनें डोंगरांतून स्वतःच वाट पाडीत, जड तोफा हातांनीं ओढीत नेल्या. ता. १३ डिसेंबर रोजीं मारा सुरू झाला. दुसऱ्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांस खिंडारें पडलीं. ता. १५ रोजीं सकाळीं हल्ला झाला. आंतल्या तटास मात्र खिंडार नव्हतें. तेथें कॅप्टन कॅम्पबेल यानें शिड्या लावून तट ओलांडला व आंतून दरवाजा उघडला. नागपूरकर भोंसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. त्या तहानें हाच गड भोंसल्यांकडे परत आला.

तात्पर्य, बाहेरचे तट तोफांनीं पाडले. आंतला तट उभा असतांच गड गेला. त्या सकाळीं आंतल्या तटावर किती माणूस होतें, दारूगोळा किती शिल्लक होता, हें दगड सांगत नाहींत. तें हजेरीपट, कोठीचे झाडे व किल्लेदारीचीं पत्रें सांगतात. वेढ्याची आजवरची हकीकत मुख्यतः जिंकणारांच्या पत्रांवर उभी आहे. म्हणून धनज, कारंजें, अचलपूर या बाजूंच्या जुन्या घराण्यांनीं आपलीं दफ्तरें वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं एकवार उलगडावीं, अशी आमची विनंति आहे. एखादा फाटका हजेरीपटही येथें बुरुजाइतक्याच मोलाचा ठरेल.