जुन्या औषधांचे नवे उपयोग

औषधाच्या बाटलीवर जो उपयोग छापलेला असतो तेवढाच त्या औषधाचा गुण, असा सामान्य समज आहे. वस्तुतः औषधाला रोगाचें नांव ठाऊक नसतें. शरीरांतील एखादें प्रथिन गांठावयाचें व त्याचें कार्य थोपवावयाचें, एवढेंच तें जाणतें. तेंच प्रथिन दुसऱ्या रोगांत बेबंद झालें असेल, तर तेथेंही तें औषध चालण्याचा संभव असतो.

१९६४ च्या अखेरीस कॅनडांतील वैद्यांची एक तुकडी पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली. तेथून आणलेल्या मातींतील सूक्ष्म जंतूपासून माँट्रियल येथें बुरशीनाशक द्रव्य निघालें. बेटाचें मूळ नांव रापा नुई, म्हणून तें रापामायसिन. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत शिकलेले सुरेन सेहगल ह्यांचा त्यावर मोठा विश्वास. कंपनीनें तें काम सोडलें तेव्हां त्यांनीं तो जंतु घरच्या शीतपेटींत सांभाळून ठेविला! पुढें १९९९ सालीं अमेरिकेंत हें औषध मूत्रपिंडाचें आरोपण झालेल्या रुग्णांसाठीं मान्य झालें. कारण तें एमटॉर नामक प्रथिनाला लगाम घालून रोगप्रतिकारक पेशींची वाढ रोखतें.

फिलाडेल्फियाचे डेव्हिड फेगनबॉम २०१० सालीं वैद्यकाचे विद्यार्थी असतांना कॅसलमन नामक दुर्मिळ रोगानें आजारी पडले. ह्या रोगांत प्रतिकारशक्ति उलटून स्वतःच्याच अवयवांवर घाला घालते. पांच वेळां ते मरणाच्या दारीं जाऊन आले, उपचार थकले. तेव्हां त्यांनीं स्वतःच्याच रक्ताच्या व गांठींच्या तपासण्या पुनः चाळल्या, आणि एमटॉर बेफाम झाल्याचें त्यांना आढळलें. २०१४ पासून त्यांनीं रापामायसिन सुरू केलें व रोग हटला. मात्र ह्या रोगाच्या सर्वच रुग्णांना तें लागू पडत नाहीं.

एका रोग्यानें हातानें केलेलें हें काम आतां संगणक मोठ्या प्रमाणावर करतो. त्या विद्येस जैवमाहितीशास्त्र म्हणतात. रोगामुळें पेशींतील कोणतीं जनुकें जागीं होतात व कोणतीं मंदावतात ह्याची एक यादी; औषधामुळें काय होतें ह्याची दुसरी. दोन्ही याद्या परस्परविरुद्ध निघाल्या, कीं तें औषध तपासण्यास योग्य. अमेरिकेंतील ब्रॉड संस्थेनें औषधांच्या अशा याद्यांचा संग्रह २००६ सालीं प्रसिद्ध केला. २०२२ सालीं फेगनबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘एव्हरी क्युअर’ ही संस्था ह्याच कामासाठीं काढली. मक्ता संपलेल्या स्वस्त औषधाचा नवा उपयोग शोधण्यांत कंपन्यांना लाभ नसतो, हें तिच्या स्थापनेमागील एक कारण.

संगणक देतो तो केवळ तर्क. निर्णय रुग्णांवरील प्रयोगानेंच व्हावयाचा, आणि दुर्मिळ रोगांत रुग्ण मिळणेंच कठीण. लॅम हा बहुधा स्त्रियांनाच होणारा फुफ्फुसाचा विकार. त्याच्याही मुळाशीं एमटॉरच. त्यावर रापामायसिनचा प्रयोग करावयास अमेरिका, कॅनडा व जपान ह्या तीन देशांतून मिळून ८९ रुग्ण घेतले गेले. निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले, आणि अमेरिकेंत मान्यता मिळावयास २०१५ साल उजाडलें.