अहवालाचा जासूद

संगणकाच्या आज्ञावलींत फेरफार झाला कीं यंत्र तिच्या चांचण्या आपोआप घेतें आणि तिच्या किती ओळी चांचणींत चालल्या, याचा शेंकडेवारीनें अहवाल धाडतें. यास 'कव्हरेज' म्हणतात. ओळ चालली म्हणजे ती निर्दोष ठरली असें नव्हे. सर्व पानें उलटल्यानें ग्रंथ समजत नाहीं. तरी आम्हांस अधिक काळजी वाटते ती अहवाल नेणाऱ्या जासुदाची.

'कोडकव्ह' या अमेरिकन कंपनीची अहवाल पोंचविणारी छोटी स्क्रिप्ट हजारों ठिकाणीं विश्वासानें चालविली जात असे. ३१ जानेवारी २०२१ पासून चोरांनीं तींत वेळोवेळीं एक ओळ घुसडली, आणि चांचणी घेणाऱ्या यंत्राजवळ ठेविलेले परवलीचे शब्द व किल्ल्या परस्पर त्यांच्या हातीं जाऊं लागल्या. अहवाल मात्र नित्याप्रमाणें येत होते. मग संशय कोणास यावा? १ एप्रिल रोजीं एका ग्राहकानें उतरवून घेतलेल्या स्क्रिप्टची अंकमुद्रा (मजकुरांतील एक अक्षर बदललें तरी ही बदलते) कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या मुद्रेशीं ताडून पाहिली; ती जुळेना. ही मुद्रा सर्वांसच खुली होती, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें! पुढें 'हॅशिकॉर्प'सारख्या कंपनीस आपल्या मालावर सही करण्याची किल्लीच रद्द करून नवी घ्यावी लागली.